छपरावरची वीज आणि वस्तीचा खांब



घरगुती सौरऊर्जेवर अमेरिकेचे केंद्र सरकार देत असलेली तीस टक्क्यांची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर झालेल्या खर्चावर ती मिळत नाही. सवलत संपली तरी वाचकांचे प्रश्न संपलेले नाहीत; त्यांचा सूर मात्र बदलला आहे. पूर्वी विचारणा असे ती बिलात किती बचत होईल याची. आता अनेकांना वीज कंपनीशी असलेला संबंधच तोडता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे. 'ऑफ-ग्रिड' हा शब्द मित्रमंडळींत मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो. गावापासून दूर दहा एकर जमीन, छपरावर पॅनेल, कोठारात बॅटऱ्या आणि कोणाचे काही देणे नाही, असे चित्र त्या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर उभे राहते. या लेखात त्या चित्राची चिकित्सा करावयाची आहे आणि ज्यांना खरोखरच सुरुवात करावयाची आहे त्यांच्यासाठी थोडा हिशेबही मांडावयाचा आहे. मी ऑस्टिनमध्ये राहतो, म्हणून उदाहरणे टेक्सासची आहेत. इतर राज्यांत दर आणि नियम निराळे असतील. हिशेबाची रीत तीच राहते.

टेक्सासमधील माणसाच्या मनात हा विचार का घोळतो, हे समजण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२१ मधील हिमवादळात राज्यातील ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली. राज्य सरकारच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे मृत्युमुखी पडली. संपूर्ण राज्याचे वीजजाळे कोसळण्यापासून अवघी ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होते, असे ते चालवणाऱ्या अर्कॉट या संस्थेनेच नंतर सांगितले. जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ आले आणि ह्यूस्टन परिसरातील वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज ऐन उन्हाळ्यात गेली. ज्याच्या घरात म्हातारी माणसे आहेत, तान्हे मूल आहे, त्याला अशा अनुभवानंतर वीज कंपनीचा भरवसा वाटेनासा झाला तर त्यात नवल नाही.

पण त्या हिमवादळाची आणखी एक बाजू आहे. अमेरिकेत मुख्यतः तीन वीजजाळी आहेत: पूर्वेचे, पश्चिमेचे आणि टेक्सासचे. टेक्सासने केंद्र सरकारच्या नियमनापासून दूर राहण्यासाठी आपले जाळे अनेक दशके जाणीवपूर्वक वेगळे ठेवले आहे. शेजाऱ्यांशी जोडणाऱ्या वाहिन्या इतक्या थोड्या की संकटाच्या वेळी बाहेरून पुरेशी वीज आणताच आली नाही. याच राज्याच्या पश्चिम टोकाला असलेले एल पासो शहर मात्र पश्चिमेच्या जाळ्यात आहे. थंडी तिथेही होती. तिथले दिवे बहुतांशी चालू राहिले. एका परीने पाहिले तर टेक्सास हे स्वतःच एक अवाढव्य ऑफ-ग्रिड घर आहे. त्या घराने स्वातंत्र्याचा जो हिशेब केला होता, त्यात शेजाऱ्याची गरज पडेल असा रकाना नव्हता. आपल्या छपराखालचा हिशेब करताना हे उदाहरण समोर ठेवावे.

आता छपराकडे येऊ. ज्यांच्याकडे पॅनेल आहेत अशा अनेकांना एक गोष्ट ठाऊक नसते, आणि विक्रेतेही ती सांगण्याची घाई करत नाहीत. बॅटरी नसलेली साधी सौरयंत्रणा वीज गेली की बंद पडते. भर दुपारी, लख्ख उन्हातही. हा दोष नव्हे. तशी ती मुद्दाम घडवलेली असते. बाहेरची वाहिनी मृत आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगावर तुमच्या छपरावरची वीज जाऊ नये, म्हणून जाळ्यातील वीज नाहीशी होताच इन्व्हर्टरने स्वतःला थांबवले पाहिजे असा नियम आहे. वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल तर घराला जाळ्यापासून आपोआप अलग करणारा स्विच आणि बहुधा बॅटरी लागते. म्हणजे 'सोलर' आणि 'वीज गेल्यावरची सोय' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्हींची किंमत वेगळी आहे आणि कारणेही वेगळी आहेत. आपल्याला यांपैकी काय हवे आहे, हे ठरवल्याशिवाय कोणाही विक्रेत्याला घरात घेऊ नये.

हे ठरवण्यासाठी पहिले साधन म्हणजे मागील बारा महिन्यांची बिले. अमेरिकेतील सरासरी घर महिन्याला सुमारे ९०० यूनिट वीज वापरते. टेक्सासमध्ये वातानुकूलनामुळे हा आकडा अकराशेच्या आसपास जातो. ह्यूस्टन-डॅलससारख्या भागांत 'स्मार्ट मीटर टेक्सास' या संकेतस्थळावर दर पंधरा मिनिटांचा वापर विनामूल्य पाहता येतो. तो आलेख एकदा शांतपणे पाहावा. रात्री तीन वाजता घर झोपलेले असताना किती वीज जाते, हा त्यातला सर्वांत बोलका आकडा. त्यानंतर प्लगमध्ये बसवायचे एक छोटे मीटर आणून एकेक उपकरण मोजावे. फ्रिज दिवसाला एक ते दोन यूनिट खातो. एलईडी दिवा ९ वॅटचा असतो. असे दहा दिवे पाच तास जळले तरी अर्धा यूनिट होत नाही. वायफायचा राउटर जेमतेम १० वॅट घेतो. याउलट पाणी तापवायची विजेची टाकी साडेचार हजार वॅट, कपडे वाळवायचे यंत्र पाच हजार, आणि मध्यवर्ती वातानुकूलन तीन ते चार हजार वॅट ओढते. शिवाय सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. विजेच्या बाबतीत उष्णता निर्माण करणारी आणि उष्णता बाहेर काढणारी यंत्रेच घराची मालक असतात, बाकीची सगळी पाहुणी.

पॅनेलचे गणित त्या मानाने सोपे. आजचे एक पॅनेल साधारण ४०० वॅटचे, सुमारे २० चौरस फुटांचे आणि वीसेक किलो वजनाचे असते. अशी वीस पॅनेल म्हणजे ८ किलोवॅट. मध्य टेक्सासमध्ये वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला पूर्ण तेजाचे सुमारे पाच तास मिळतात. तारा, धूळ, उष्णता यांत वीस-पंचवीस टक्के जातात. म्हणजे दिवसाला ३० ते ३२ यूनिट, वर्षाला सुमारे ११,०००. 'पीव्हीवॉट्स' नावाचे मोफत गणनयंत्र महाजालावर आहे. त्यात आपला पत्ता, छपराचा उतार आणि दिशा भरली की महिनावार अंदाज मिळतो. विक्रेत्याचा आकडा त्याहून फार मोठा असेल तर कारण विचारावे. दक्षिणेकडचे छप्पर उत्तम; पण पश्चिमेकडचेही वाईट नाही, कारण टेक्सासमध्ये विजेची खरी मारामार संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात असते. ओकच्या झाडाची सावली मात्र कोणत्याही दिशेला महागच पडते. छप्पर पंधरा वर्षांचे झाले असेल तर आधी ते बदलावे. पॅनेल उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो. आणि गारपिटीच्या या प्रदेशात विमा कंपनीला विचारल्याशिवाय तर काहीच करू नये.

खर्च वॅटमागे अडीच ते साडेतीन डॉलर धरला तर ८ किलोवॅटला २४,००० डॉलरच्या आसपास पडतात. यूनिटमागे १३ सेंट वाचले असे मानले तर वर्षाला सुमारे १,४३० डॉलर. करसवलत असताना ही रक्कम बारा वर्षांत वसूल होत असे. आता सतरा वर्षे लागतील. पॅनेलची हमी बहुधा २५ वर्षांची असते, इन्व्हर्टर मात्र दहा-पंधरा वर्षांत एकदा बदलावा लागेल. टेक्सासमध्ये जास्तीची वीज परत घेण्याचा राज्यव्यापी बंधनकारक दर नाही. प्रत्येक कंपनीची योजना निराळी. ऑस्टिनमध्ये शहराच्या मालकीची वीज कंपनी तुमच्या सर्व सौरउत्पादनाचे मोल एका ठरावीक दराने स्वतंत्रपणे मोजून बिलातून वळते करते. तेव्हा 'सोलर घ्यावे का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. सात वर्षांत घर विकून दुसऱ्या शहरी नोकरीला जाणार असाल, आणि आपल्या व्यवसायात हे नित्याचेच आहे, तर निव्वळ पैशांच्या हिशेबाने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑफ-ग्रिडचा हिशेब याहून कठोर आहे. दिवसाला ३० यूनिट वापरणारे घर घ्या. हिवाळ्यात तीन दिवस आभाळ भरून राहिले, किंवा पॅनेलवर बर्फाचा थर बसला, तर ९० यूनिट साठ्यात हवेत. टेस्लाच्या एका पॉवरवॉलमध्ये १३.५ यूनिट मावतात. म्हणजे सात बॅटऱ्या. अशी एक बॅटरी बसवून घेण्यास दहा हजार डॉलरच्या पुढेच लागतात; सातांचा खर्च ज्याने त्याने मांडावा. आणि या बॅटऱ्यांपैकी पाच वर्षातले साडेतीनशे दिवस नुसत्या भिंतीला टेकून उभ्या राहतील. वीजजाळे म्हणजे काय, हे या बेरजेने जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येने होत नाही. सगळ्यांच्या घरात एकाच क्षणी सर्वाधिक गरज निर्माण होत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून ठेवलेला साठा हा प्रत्येकाने वेगळा ठेवलेल्या साठ्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी लहान आणि स्वस्त असतो.

आता दुसरा हिशेब पाहा. वीज गेली आहे आणि घर जगवायचे आहे, एवढेच उद्दिष्ट धरा. फ्रिज दीड यूनिट, दिवे अर्धा, राउटर-फोन-लॅपटॉप एक, झोपेत श्वासासाठी लागणारे सीपॅप यंत्र सुमारे अर्धा, गॅसच्या भट्टीचा पंखा आठ तास चालला तर चार, आणि इंडक्शनवर वरणभात करायला एक. एकूण साडेआठ यूनिट. एक बॅटरी दीड दिवस पुरते. ढगाळ हवेतही ८ किलोवॅटची पॅनेल चार-पाच यूनिट देतात. ती धरली तर तेवढीच बॅटरी चार दिवसांच्या जवळ जाते. तीस यूनिटांचे घर साडेआठवर आणणे, हे खरे तंत्र आहे आणि त्याला फारसे पैसे लागत नाहीत. या उपकरणांसाठी वेगळा ब्रेकर बोर्ड करून घेतला की संकटकाळी घरातल्या कोणी चुकून ड्रायर लावण्याचीही भीती उरत नाही.

इथवर आल्यावर एका शब्दाविषयी थांबून बोलले पाहिजे. 'ऑफ-ग्रिड' हा ज्यांच्यासाठी जीवनशैलीचा शब्द आहे त्यांच्याकडे परतीचा रस्ता असतो. याच देशात नवाहो राष्ट्राच्या भूमीवर दहा हजारांहून अधिक घरांपर्यंत वीज पोहोचलेली नव्हती, आणि ती २१ व्या शतकातली गोष्ट आहे. त्याच भूमीवर नवाहो जनरेटिंग स्टेशन नावाचे प्रचंड कोळसा केंद्र १९७० च्या दशकापासून नोव्हेंबर २०१९ पर्यंत धगधगत होते. त्याच्या विजेने कोलोराडो नदीचे पाणी उपसून फिनिक्स आणि टूसॉन या शहरांकडे नेले जाई. डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा जात आणि खालच्या घरात रॉकेलचा दिवा असे, पाणी पिंपांतून गाडीने आणावे लागे. २०१९ पासून देशभरातील सार्वजनिक वीज संस्थांचे कर्मचारी तिथे जाऊन खांब उभे करत आहेत. फार दूरच्या घरांना तिथली वितरण संस्था स्वतंत्र सौरसंच भाड्याने देते. त्या घरांतील माणसांना ऑफ-ग्रिड या शब्दाचे कौतुक नाही.

आपल्यालाही ते असण्याचे कारण नाही. गावाच्या खांबांची रांग कुठे संपत होती, हे आपल्या आई-वडिलांच्या पिढीला कोणी नकाशावर दाखवावे लागत नव्हते. भारत सरकारच्या व्याख्यांमध्येच तो इतिहास नोंदलेला आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत ठरत असे. पाटलाच्या विहिरीवर पंप सुरू झाला, गाव उजळले! २००४ च्या व्याख्येने किमान दहा टक्के घरांत वीज असावी अशी अट घातली. आणि तिच्यात एक वाक्प्रयोग मुद्दाम घालावा लागला. गावाच्या मुख्य वस्तीबरोबरच, जिथे दलित वस्ती असेल तिथेही रोहित्र आणि वितरणाच्या तारा पोहोचलेल्या असल्या पाहिजेत. सरकारी कागदात हे शब्द वेगळे लिहावे लागले, याचा अर्थ ते न लिहिता तारा तिथवर जात नव्हत्या. आणि लिहूनही, शंभरातील नव्वद घरे अंधारात ठेवून गाव प्रकाशमान म्हणवू शकत होतेच.

ऑस्टिनमध्ये नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना मी आवर्जून एक गोष्ट सांगतो. १९२८ च्या नगररचना आराखड्याने या शहरातील कृष्णवर्णीयांना पूर्वेकडे ढकलले. शाळा, उद्याने, सोयी फक्त तिकडेच द्यायच्या, म्हणजे ते आपोआप तिकडे जातील, अशी ती योजना होती. गावकुसाची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही. २०२१ च्या त्या रात्रींत मध्यवर्ती भागातल्या रिकाम्या कार्यालयांचे मजले उजळलेले आणि आसपासच्या निवासी वस्त्या काळोखात, अशी छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक सेवांच्या वाहिन्या बंद करता येत नव्हत्या आणि ते मनोरे त्याच वाहिन्यांवर होते, असे तांत्रिक उत्तर मिळाले. उत्तर खरे होते. पण कोणती वाहिनी कुठून जाते हे कधीतरी कोणीतरी ठरवलेले असते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण सारे जाणतो. त्यांच्या खात्याकडे सिंचन आणि वीजही होती, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याच्या प्रश्नाशी जोडला. उद्योगीकरण झाल्याशिवाय शेतीवर दाटलेली गरिबी हटणार नाही, आणि स्वस्त व विपुल विजेशिवाय उद्योगीकरण होणार नाही, अशी त्यांच्या विचाराची साखळी होती. ही वीज कोणाच्या मालकीची असावी हा प्रश्नही त्यांनी तिथे उभा केला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कार्यकाळात. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. या माणसाच्या दृष्टीने वीज ही अंगणातल्या विहिरीसारखी खासगी वस्तू नव्हती. ती चवदार तळ्यासारखी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणूनच संपन्न घरांनी जाळे सोडून जाण्याच्या कल्पनेकडे मी साशंकतेने पाहतो. खांब, तारा, रोहित्रे यांचा खर्च ग्राहक कमी झाले म्हणून कमी होत नाही. ज्यांना छप्पर आहे आणि पत आहे ते बाहेर पडले की तो खर्च भाड्याने राहणाऱ्यांवर पडतो. वीज कंपन्या हाच युक्तिवाद आपला नफा राखण्यासाठी, सौरऊर्जेचे दर पाडण्यासाठी वापरतात, हेही खरे आहे. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या सौरग्राहकांच्या परताव्यात मोठी कपात झाली ती असाच वाद होऊन. कंपनी म्हणते म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही आणि पूर्णही ठरत नाही. जाळ्यात राहून, दुपारची वीज शेजारच्या घराला देऊन, संध्याकाळी बॅटरीवर राहून जाळ्यावरचा ताण कमी करणारे घर मला अधिक शहाणे वाटते. तथागतांनी स्वतःवर विसंबायला शिकवले आणि त्याच वेळी संघही उभा केला. या दोहोंत त्यांना विरोध दिसला नव्हता.

आता जे भाड्याने राहतात, किंवा ज्यांना हात काळे करून शिकायचे आहे, त्यांच्यासाठी. सुरुवात लहान करावी. १०० ते २०० वॅटचे एक पॅनेल, चार्ज कंट्रोलर, १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि हजार वॅटचा इन्व्हर्टर. बॅटरीत सव्वा यूनिटाहून किंचित अधिक साठा असतो. फ्रिज जेमतेम दिवसभर चालेल. दिवे, राउटर आणि फोन एवढेच ठेवले तर दोन-तीन दिवस. हे सगळे एका पेटीत जुळवलेले तयार संचही मिळतात. ते महाग पडतात, पण सदनिकेत राहणाऱ्याला तेच सोयीचे. जुन्या शिशाच्या बॅटरीचा अर्धाच साठा वापरावा लागतो, म्हणून ती स्वस्त दिसली तरी स्वस्त नसते. लिथियमची मात्र एक अट आहे: शून्य अंश सेल्सिअसखाली तिला चार्ज करू नये. हिमवादळात उघड्या गॅरेजमध्ये ठेवलेली बॅटरी नेमक्या वेळी चार्ज घेणार नाही.

स्वतः जोडणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी कागदावर सोडवाव्यात. पहिली, १२ व्होल्टवर हजार वॅट म्हणजे ८३ अँपिअर. एवढा प्रवाह बारीक तारेतून गेला तर तार पेटते. तार जाड हवी आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. मोठ्या यंत्रणा ४८ व्होल्टवर नेतात त्या याचसाठी. दुसरी गोष्ट फसवी आहे. पॅनेलचा व्होल्टेज थंडीत वाढतो. ४९ व्होल्टची तीन पॅनेल एकामागे एक जोडली तर २५ अंशांना १४७ होतात, आणि कंट्रोलरची मर्यादा १५० असेल तर सारे ठीक दिसते. उणे दहा अंशांच्या सकाळी तोच आकडा १६० होतो आणि कंट्रोलर जळतो. घराच्या मुख्य वायरिंगला हात लावायचा असेल तर परवाना असलेला इलेक्ट्रिशियन आणि नगरपालिकेची परवानगी घ्यावीच. आणि पेट्रोलवरचे जनित्र किंवा कोळशाची शेगडी कधीही घरात, गॅरेजमध्ये लावू नये. २०२१ मध्ये थंडीने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने गेलेली कुटुंबे आहेत.

करसवलत गेल्यापासून दारोदार फिरणारे विक्रेते कमी होतील असे वाटले होते. तसे झालेले नाही, कारण यंत्रणा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना व्यावसायिक करसवलत आणखी काही काळ उपलब्ध आहे. 'एक डॉलरही न भरता सोलर' हे त्यांचे वाक्य. आपल्या ओळखीच्या एका कुटुंबाने विक्रेत्याच्या टॅबलेटवर बोटाने सही केली आणि पंचवीस वर्षांचा करार झाला, ज्यात हप्ता दरवर्षी २.९ टक्क्यांनी वाढतो. आज ९० डॉलर असलेला हप्ता शेवटच्या वर्षी १८० च्या जवळ जाईल. पुढे घर विकताना गिऱ्हाईकाने तो करार स्वीकारण्यास नकार दिला. घरी येऊन झालेल्या विक्रीचा करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क केंद्रीय नियमाने दिलेला आहे. त्यांना तो चौथ्या दिवशी कळला. पूर्ण करार कागदावर मागावा, वार्षिक वाढ आणि घरविक्रीची कलमे आधी वाचावीत, आणि सही त्याच दिवशी करू नये. ज्या समाजाला सावकाराच्या चोपडीतला अंगठा ठाऊक आहे त्याने टॅबलेटवरच्या बोटाला जपले पाहिजे. घरमालक संघ आडवा आला तर घाबरू नये. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यानुसार काही अपवाद वगळता त्यांना सौरपॅनेलवर सरसकट बंदी घालता येत नाही.

शेवटी गावाकडच्या घराविषयी, कारण अनेकांची खरी विचारणा आई-वडिलांच्या नागपूर, अकोला, नांदेडच्या घरासाठी असते. फेब्रुवारी २०२४ पासून 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' सुरू आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. हिशेब पाहता अमेरिकेतल्या आपल्या छपरापेक्षा ते छप्पर आधी वसूल होते. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीची लागतात आणि महावितरणचे नेट मीटर बसते. हीही यंत्रणा वीज गेली की थांबते. घरातला जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी काढून टाकू देऊ नका. गच्चीवरील पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात कुठवर पडते ते भावाला किंवा पुतण्याला दुपारी तीन वाजता पाहायला सांगा. पण सर्वांत आधी वीजबिलावरचे नाव पाहा. कित्येक घरांत मीटर अजूनही वारलेल्या आजोबांच्या नावे असते, आणि नाव बदलल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ते काम पॅनेल बसवण्यापेक्षा जास्त वेळ घेते, म्हणून यंदा सुटीत गावी जाणाऱ्यांनी मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे आणि घरपट्टीची पावती यांची तयारी आतापासून करावी.

पुढील महिन्याच्या वंदनेनंतर भोजनाच्या वेळी एक टेबल या विषयासाठी ठेवले आहे. बारा महिन्यांची बिले घेऊन या, मोबाइलवर असली तरी चालतील. प्लगमध्ये लावायची दोन मीटरे मंडळाकडे आहेत. ती आठवड्यासाठी घरी नेता येतील. एक हजार वॅटची तयार पेटी सामाईक निधीतून घ्यावी आणि ज्यांच्या घरी सीपॅप, नेब्युलायझर किंवा इन्सुलिनचा फ्रिज आहे त्यांच्याकडे वादळाच्या हंगामात आधी पोहोचवावी, असाही एक प्रस्ताव आहे. त्यासाठी अशा घरांची यादी लागेल. ज्यांना नाव उघडपणे द्यायचे नसेल त्यांनी मला स्वतंत्रपणे कळवावे.